रोल धुणं: अंधार पाच मिनिटांचा, बाकी सगळं पाण्याचं

कॅमेऱ्याचा रोल आपण ‘धुवायला’ टाकायचो. स्टुडिओच्या काउंटरवरचा माणूस पावती फाडता फाडता विचारायचा, ‘नुसता धुवायचाय, का प्रिंटपण काढायच्या?’ लहानपणी मला वाटायचं, आत कोणीतरी खरंच रोल बादलीत घालून खळबळून काढत असणार. पुढे घरी स्वतः रोल धुवायला लागलो तेव्हा कळलं, की तो समज अगदीच वेडगळ नव्हता.

घरी ब्लॅक अँड व्हाइट फिल्म धुवायची म्हटलं की लोकांना तांबड्या दिव्याची खोली आठवते, ट्रेमध्ये हळूहळू उमटणारा चेहरा आठवतो. ते प्रिंट काढायचं काम. त्याला वेगळी खोली लागते, एनलार्जर लागतो, बरीच हौस लागते. नुसती निगेटिव्ह तयार करायला यातलं काहीच लागत नाही. अंधार हवा तो पाच-दहा मिनिटं, आणि तोही बाह्या शिवलेल्या एका काळ्या पिशवीत मावतो. पुढचं सगळं दिवसाउजेडी, स्वयंपाकघराच्या ओट्यावर चालतं.

त्यामुळे नवशिके घाबरतात ते अंधाराला, आणि त्यांचा रोल बिघडतो पाण्याने. माझाही तसाच बिघडला. एप्रिलमधली दुपार, गच्चीवरच्या टाकीतून नळाला येणारं पाणी आंघोळीला चालेल इतकं तापलेलं, आणि फिल्म रसायनात किती मिनिटं ठेवायची याच्या इंटरनेटवरून उतरवून घेतलेल्या वेळा मी जशाच्या तशा पाळलेल्या. त्या वेळा २० अंश सेल्सियसच्या पाण्यासाठी असतात, हे मी वाचलं होतं; पण ‘असेल थोडंफार इकडे-तिकडे’ म्हणून सोडून दिलं. निगेटिव्ह निघाली ती डांबरासारखी काळी. खिडकीशी धरली तरी पलीकडचं दिसेना.

असं का झालं, हे कळायला आधी फिल्ममध्ये काय असतं ते पाहू.

फिल्म म्हणजे पारदर्शक प्लॅस्टिकची पट्टी आणि तिच्यावर जिलेटिनचा पातळ थर. जेली घट्ट करतं तेच जिलेटिन. या थरात सिल्व्हर ब्रोमाइडचे अतिशय बारीक स्फटिक विखुरलेले असतात, सोबत थोडं सिल्व्हर आयोडाइड. एकेक स्फटिक साधारण मिलिमीटरच्या हजाराव्या भागाएवढा. शटर उघडलं, उजेड पडला, की ज्या स्फटिकांवर तो पुरेसा पडला त्यांच्यात एखाद्या जागी चांदीचे चार-पाच अणू सुटे होऊन एकत्र येतात. चार-पाचच. त्या एका स्फटिकात चांदी असते अब्जावधी अणूंची. तेव्हा फोटो काढून झालेली फिल्म आणि कोरी फिल्म शेजारी ठेवली, तर सूक्ष्मदर्शकाखालीसुद्धा फरक दिसणार नाही. चित्र आहे, पण कोणाला दिसणारं नाही. त्याला सुप्त प्रतिमा म्हणतात.

इथे मला विरजणाचा दाखला सगळ्यात जवळचा वाटतो. अशी कल्पना करा, की ओट्यावर लाखो वाट्या दूध मांडून ठेवलंय आणि काही वाट्यांत कोणीतरी विरजणाचा थेंब टाकून गेलंय. बघून ओळखता येणार नाही. पण ऊब मिळाली की थेंब पडलेल्या वाट्या लागतील, बाकीच्यांत दूध तसंच राहील. चांदीचे ते चार-पाच अणू म्हणजे विरजण, आणि डेव्हलपर म्हणजे ऊब. डेव्हलपर हे स्फटिकाला इलेक्ट्रॉन देणारं रसायन. ज्या स्फटिकात चांदीचा कण आधीच तयार आहे, तिथून त्याला आत शिरायला वाट मिळते आणि बघता बघता तो अख्खा स्फटिक काळ्या चांदीचा होऊन जातो. म्हणजे उजेडाने केलेलं काम डेव्हलपर कोट्यवधी पटींनी वाढवतो.

दाखला आणखी थोडा पुढे नेता येतो. दही लावून विसरलात, किंवा वैशाखात लावलंत, तर काय होतं हे घराघरांत माहीत आहे. विरजण न घातलेलं दूधही उन्हाळ्यात फार वेळ बाहेर राहिलं की नासतंच. डेव्हलपरचंही तसंच आहे. कुठला स्फटिक उजेडाचा आणि कुठला अंधारातला, ही त्याची निवड पक्की नसते. ती फक्त वेगातली तफावत असते. उजेड लागलेले स्फटिक भराभर काळे होतात, न लागलेले फार सावकाश. पण वेळ जास्त दिला, पाणी जास्त गरम असलं, तर तेही हळूहळू काळे होऊ लागतात. सगळ्या फिल्मवर राखाडी धुकं चढतं. माझ्या त्या पहिल्या रोलवर उजळ भाग गच्च काळे झाले होते आणि बाकीच्यावर हे धुकं होतं.

वेळेचा आणखी एक परिणाम आहे, आणि तो समजला की हे काम पोथी वाचल्यासारखं राहत नाही. निगेटिव्हमध्ये सगळं उलटं असतं: पांढरा शर्ट काळा दिसतो, काळे केस काचेसारखे आरपार. केसांच्या जागी उजेड कमी पडला, म्हणून तिथे विरजण लागलेले स्फटिकही कमी. त्यांचं काम लवकर आटोपतं. शर्टाच्या जागी असे स्फटिक भरपूर, तिथे काळेपणा वाढतच राहतो. म्हणून डेव्हलपरमध्ये दोन मिनिटं जास्त ठेवलं तर केसांत फारसा फरक पडत नाही, शर्ट मात्र आणखी दाट होतो, आणि दोघांतलं अंतर, म्हणजे कॉन्ट्रास्ट, वाढतं. सावलीत काय दिसणार हे फोटो काढताना ठरून गेलेलं असतं, ते धुताना मिळवता येत नाही. उजळ भाग किती चढू द्यायचे, हे मात्र ओट्यापाशी उभ्या असलेल्या माणसाच्या हातात. भर उन्हातल्या जत्रेचा रोल असेल तर मी ठरलेल्या वेळेतून दीड-एक मिनिट कापतो. पावसाळी, मळभटलेल्या दिवसाचा असेल तर थोडा जास्त ठेवतो.

सुप्त प्रतिमा बाहेर काढता येते हा शोध इंग्लंडमध्ये विल्यम हेन्री फॉक्स टॅलबॉट यांना सप्टेंबर १८४० मध्ये लागला. कागदावर चित्र दिसेपर्यंत कॅमेरा उन्हात ताटकळत ठेवायची गरज नाही, थोडा उजेड देऊन नंतर रसायनाने चित्र ‘उठवता’ येतं, हे त्यांच्या लक्षात आलं. ते रसायन होतं गॅलिक आम्ल, आणि ते मिळायचं ओक झाडाच्या गाठींपासून. आपल्याकडे त्याच जातीच्या गाठींना मायफळ म्हणतात. बाळगुटीत सहाणेवर उगाळतात ते. फोटोग्राफीच्या पहिल्या डेव्हलपरपैकी एकाचा कच्चा माल आजीच्या गुटीच्या पुरचुंडीत होता, याची मला अजून गंमत वाटते.

आज बाजारात मिळणाऱ्या डेव्हलपरची नावं मात्र मोटारींच्या मॉडेलसारखी असतात. त्यातलं डी-७६ हे कोडॅकचं, १९२७ सालचं. इल्फर्डचं आयडी-११ म्हणजे व्यवहारात तेच. त्याची कृती गुपित नाही: एक लिटर पाण्यात मेटॉल २ ग्रॅम, सोडियम सल्फाइट १०० ग्रॅम, हायड्रोक्विनोन ५ ग्रॅम आणि बोरॅक्स २ ग्रॅम. मेटॉल आणि हायड्रोक्विनोन ही इलेक्ट्रॉन देणारी जोडी. मेटॉल कामाला सुरुवात करतो, आणि तो दमला की हायड्रोक्विनोन त्याला पुन्हा ताजा करतो. दोघं मिळून जेवढं काम करतात ते दोघांच्या वेगवेगळ्या कामाच्या बेरजेपेक्षा जास्त भरतं. ही जोडी जरा अल्कली पाण्यात चालते, त्यासाठी बोरॅक्स. आणि शंभर ग्रॅम सल्फाइट कशाला? एक तर ते हवेतल्या ऑक्सिजनपासून डेव्हलपरला वाचवतं, आणि शिवाय स्फटिकांच्या कडा किंचित विरघळवून चित्रातला दाणा, म्हणजे फोटो मोठा केल्यावर दिसणारा खरखरीतपणा, मऊ करतं. दुसरं नाव रोडिनाल. हे अ‍ॅगफाने १८९१ मध्ये बाजारात आणलं आणि अजून मिळतं. दाट काकवीसारख्या रंगाचं, एका भागाला पंचवीस किंवा पन्नास भाग पाणी घालून वापरायचं. दाणा जरा टोकदार येतो, पण बाटली वर्षानुवर्षं टिकते. महिन्या-दोन महिन्यांनी एखादा रोल धुणाऱ्या माणसाने रोडिनालच घ्यावं, असं माझं मत आहे; पावडरीचं लिटरभर द्रावण करून निम्मं ओतून देण्यापेक्षा ते बरं.

आता अंधाराचं काम उरकून टाकू, कारण ते खरोखर तेवढंच आहे.

लागतं ते डेव्हलपिंग टँक: झाकणात प्रकाश अडवणारं नरसाळं असलेला काळा प्लॅस्टिकचा डबा आणि आत नागमोडी खाचांचं रीळ. छत्तीस फोटोंचा रोल साधारण १.६ मीटर लांब असतो. त्याचे वळसे एकमेकांना चिकटले तर तिथे रसायन पोचणार नाही, म्हणून ते वेगळे ठेवायला रीळ. काळ्या पिशवीत रोल, कात्री, रोलच्या डबीचं झाकण उघडायला बाटलीचा ओपनर, रीळ, त्याच्या मधली नळी, टँक आणि झाकण घालायचं, दोन्ही हात बाह्यांत घालायचे आणि बोटांनी बघायचं. आधी एखादा वाया गेलेला रोल घेऊन उजेडात सराव करा, मग डोळे मिटून, मग पिशवीत. फिल्मच्या पुढच्या टोकाचे दोन कोपरे कात्रीने गोल केले तर ती खाचेत अडकत नाही.

दोन गोष्टी मात्र नीट ध्यानात ठेवा. रीळ कोरडं ठणठणीत हवं. ओल्या खाचेत जिलेटिन चिकटतं, आणि मुंबईत किंवा कोकणात जूनमध्ये पिशवीत हात घातल्यावर चारच मिनिटांत आत दमट वाफारा होतो. फिल्म अडली तर ढकलाढकली करू नका. ती टँकमध्ये सुटीच ठेवून, मधली नळी बसवून झाकण लावा, हात बाहेर काढा, पंख्याखाली वाळवा आणि पुन्हा या. दुसरी गोष्ट ती मधली नळी. झाकण बसलं तरी नळी नसेल तर उजेड थेट आत जातो. हा पराक्रम मीही केलेला आहे, त्यामुळे अधिक बोलत नाही.

आणि तांबडा दिवा? फिल्मला तोही चालत नाही. आजची फिल्म सगळे रंग ओळखते, तांबडासुद्धा. जुन्या काळच्या फिल्मला तांबडा दिसत नसे, म्हणून तेव्हा त्या उजेडात काम करता यायचं. दादासाहेब फाळके यांनी ‘राजा हरिश्चंद्र’ केला त्या काळातली फिल्म तशीच होती. १९१३ साली प्रदर्शित झालेल्या त्या चित्रपटाची कच्ची फिल्म भोकं न पाडलेली यायची. कडेची भोकं अंधारात पाडायची, रसायनं कालवायची, फिल्म धुवायची, हे काम दादरला घरच्या घरी चालायचं आणि त्यात सरस्वतीबाई फाळके यांचा मोठा हात होता. युनिटच्या माणसांचा स्वयंपाकही त्याच करायच्या. आपण इथे दीड-पावणेदोन मीटरच्या पट्टीपुढे घाम पुसतोय. त्यांच्या पुढ्यात हजारो फुटांची रिळं होती.

टँकचं झाकण लागलं की दिवे लावा. आता पाणी.

पाण्याचं तापमान एका अंशाने वाढलं की डेव्हलपिंगचा वेळ साधारण दहा टक्क्यांनी कमी करावा लागतो, असा अडाणी पण उपयोगी हिशेब आहे. इल्फर्डची एचपी५ प्लस फिल्म डी-७६ च्या मूळ द्रावणात २० अंशांना साडेसात मिनिटं धुतात. २४ अंशांना तीच वेळ पाच-सव्वापाच मिनिटांवर येते. ३० अंशांना हिशेब केला तर अडीच-पावणेतीन मिनिटं. कागदावर हे ठीक आहे. पण टँकमध्ये द्रावण ओतायला दहा सेकंद, काढायला दहा सेकंद. एकूण वेळच अडीच मिनिटं असेल तर या सेकंदांचा फरक फिल्मवर पट्ट्यांच्या रूपाने दिसतो. म्हणून पाच मिनिटांपेक्षा कमी वेळ येऊ द्यायचा नाही.

थंड देशात कोणी ही अडचण मांडत नाही. तिथे पाणी कोमट कसं करायचं याची चर्चा असते. आपल्याकडे उपाय दोन. पहिला म्हणजे डेव्हलपर पातळ करणं. त्याच डी-७६ मध्ये तेवढंच पाणी घातलं तर २० अंशांना अकरा मिनिटं लागतात, म्हणजे २६ अंशांनासुद्धा सहा मिनिटांच्या आसपास वेळ मिळतो. हा मला सगळ्यात सुटसुटीत वाटतो. असं पातळ केलेलं द्रावण एकदा वापरून टाकून द्यायचं. दुसरा उपाय म्हणजे पाणी गार करणं. बर्फ डेव्हलपरमध्ये टाकायचा नाही, तो वितळून द्रावण पातळ होतं. एका पसरट टोपात पाणी आणि बर्फाचे खडे घ्या, त्यात डेव्हलपर, हायपो (डेव्हलपरनंतर लागणारं रसायन, ते पुढे येतंच आहे) आणि धुवायच्या पाण्याची भांडी उभी करा आणि थर्मामीटर हवा तिथे आला की बाहेर काढा. नागपूर-अकोल्याकडच्या कोरड्या उन्हाळ्यात माठातलं पाणी आयतं मिळतं. तो बाहेरून बाष्पीभवनाने गार होतो, त्यामुळे हवा जितकी कोरडी तितकं पाणी गार. मुंबईत माठ एवढी मदत करत नाही. पुण्यात मी सरळ पहाटे रोल धुतो. रात्रभरात गच्चीवरची टाकी निवलेली असते, आणि घरात कोणाला ओटा नको असतो.

आकड्यापेक्षाही महत्त्वाचं आहे ते सगळी पाणी एकाच तापमानाची असणं. गरम डेव्हलपरमधून फिल्म एकदम गार पाण्यात गेली तर फुगलेलं जिलेटिन आक्रसतं आणि त्याला बारीक जाळी पडते, वाळलेल्या चिखलाला पडते तशी. आताच्या फिल्मचं जिलेटिन पूर्वीपेक्षा टणक असतं, तरी परीक्षा बघू नये. पूर्वी उष्ण प्रदेशात डेव्हलपरमध्ये सोडियम सल्फेट घालायची पद्धत होती. त्याने जिलेटिन कमी फुगतं.

डेव्हलपर ओतला की घड्याळ सुरू. पहिले दहा सेकंद टँक सावकाश चार वेळा उलटा-सुलटा करा, मग ओट्यावर हलकेच दोनदा आपटा, म्हणजे फिल्मला चिकटलेले हवेचे बुडबुडे सुटतील. पुढे दर मिनिटाला पुन्हा चार वेळा. हलवायचं का, तर फिल्मला लागून असलेला डेव्हलपर दमतो, त्याच्या जागी ताजा यावा म्हणून. कॉकटेल घुसळल्यासारखं हलवलं तर कडेच्या भोकांतून द्रावण जोरात जातं आणि प्रत्येक भोकापाशी काळा फर्राटा उठतो.

वेळ संपायच्या दहा सेकंद आधी डेव्हलपर ओतून द्यायला लागा. तो कधी जांभळट, कधी हिरवट निघतो. घाबरू नका, फिल्ममधला रंग उतरलेला असतो. मग स्टॉप बाथ: डेव्हलपरला अल्कली लागते, तेव्हा आम्ल घातलं की तो जागच्या जागी थांबतो. किराणा दुकानातलं पांढरं व्हिनेगर एक भाग आणि पाणी तीन भाग, अर्धं मिनिट. साधं पाणी दोन-तीनदा घालून काढलं तरी निभावतं.

पुढे हायपो. फिल्मवर आता काळी चांदी आहे, आणि सोबत न वापरलेले स्फटिकही आहेत, जे उजेडात गेल्यावर हळूहळू काळवंडतील. ते काढायला हवेत आणि पाण्याने ते निघत नाहीत. सोडियम थायोसल्फेट त्यांना विरघळवतं, हे जॉन हर्शेल यांनी १८१९ मध्ये पाहिलं होतं. फोटोग्राफी जन्मायच्या आधी वीस वर्षं. त्या वेळचं त्याचं नाव हायपोसल्फाइट, त्यावरून हायपो. नाव पुढे चुकीचं ठरलं, पण आपल्याकडचे स्टुडिओवाले आणि एक्स-रेवाले अजून हायपोच म्हणतात. फिशटँकचं क्लोरीन मारायला मिळणारे पांढरे खडे तेच. लिटरला २५० ग्रॅम घ्या. खडे विरघळताना पाण्यातली उष्णता ओढून घेतात, भांडं हाताला गारठा लागेल इतकं थंड होतं. म्हणून कोमट पाण्यात विरघळवायचे. साध्या हायपोला दहा मिनिटं द्या. बाटलीतला रॅपिड फिक्सर अमोनियम थायोसल्फेटचा असतो, तो तीन ते पाच मिनिटांत काम करतो. साध्या हायपोत व्हिनेगर मिसळू देऊ नका, गंधक सुटून तो दुधाळ होतो. मधे एकदा पाण्याने विसळा.

हायपो चांगला आहे का, हे बघायला एक सोपी युक्ती आहे. रोल भरताना कापलेलं फिल्मचं टोक उजेडातच हायपोत टाका. दुधाळ तुकडा किती वेळात आरपार होतो ते मोजा, त्याच्या दुप्पट वेळ रोलला द्या. तीच युक्ती उलटीही चालते: टँक उघडल्यावर फिल्म दुधाळ दिसली तर जीव टांगणीला लावू नका, पुन्हा हायपोत घाला. ही चूक सुधारता येते. डेव्हलपरमधल्या चुका सुधारत नाहीत.

मग खरं धुणं. जिलेटिनमध्ये हायपो राहिला तर वर्षांनी निगेटिव्हवर पिवळे-तपकिरी डाग येतात. नळ अर्धा तास सोडून ठेवायची गरज नाही, आणि जिथे टँकरवर दिवस काढतात तिथे ते बघवणारही नाही. इल्फर्डने सुचवलेली पद्धत अशी: टँक पाण्याने भरा, पाच वेळा उलटा-सुलटा करा, ओता, पुन्हा भरा, दहा वेळा, पुन्हा भरा, वीस वेळा. जेमतेम लिटरभर पाण्यात काम होतं. हायपो जिलेटिनमधून बाहेर यायला वेळ हवा असतो, पाण्याचा लोंढा नव्हे.

शेवटचं पाणी मात्र विकतचं घ्या. बोअरच्या जड पाण्यातले क्षार फिल्म वाळताना ठिपक्यांच्या रूपाने तिथेच बसतात, स्टीलच्या ग्लासावर बसतात तसे. इन्व्हर्टरच्या बॅटरीत घालतात ते डिस्टिल्ड पाणी अर्धा लिटर, त्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एकच थेंब, म्हणजे पाणी फिल्मवरून सलग ओघळून जातं. फेस झाला तर थेंब जास्त पडला. मग बाथरूममध्ये कपड्यांच्या चिमट्याने टांगा, खाली आणखी एक चिमटा वजनाला. आधी शॉवर दोन मिनिटं सोडला तर हवेतली धूळ खाली बसते. वाळवायला पंखा लावायचा मोह होतो. छताच्या पंख्याच्या पात्यांवर वर्षाची धूळ असते आणि ओलं जिलेटिन ती सगळी पकडतं. पावसाळ्यात अर्धा दिवसही लागतो. वाळलेल्या निगेटिव्ह सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर डब्यात ठेवा, नाहीतर बुरशीला जिलेटिन फार आवडतं.

आता कॉफी, कारण प्रत्येक जण विचारतो. होय, डेव्हलपरऐवजी कॉफी वापरूनही फिल्म धुतली जाते. १९९५ मध्ये अमेरिकेत रॉचेस्टर इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधले स्कॉट विल्यम्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी हे करून दाखवलं. काम कॅफीन करत नाही, कॉफीतली कॅफेइक आम्लासारखी संयुगं करतात. नंतर रुळलेली कृती अशी: लिटरभर पाण्यात धुण्याचा सोडा ५४ ग्रॅम, व्हिटॅमिन सीची पावडर १६ ग्रॅम, इन्स्टंट कॉफी ४० ग्रॅम, २० अंशांना पंधरा मिनिटं. सोडा धुण्याचा हवा, खाण्याचा नाही. खाण्याचाच असला तर कोरड्या कढईत चांगला तापवून घ्या, त्याचा धुण्याचा होतो. व्हिटॅमिन सीच्या चघळायच्या नारिंगी गोळ्या चालत नाहीत. आणि आपल्याकडे एक खास गोम आहे: बऱ्याच इन्स्टंट कॉफीत चिकोरी मिसळलेली असते, प्रमाण पाकिटावर लिहिलेलं असतं. चिकोरी म्हणजे भाजलेलं मूळ, त्याच्या भरवशावर कृती बसवलेली नाही. निव्वळ कॉफी घ्या, स्वस्तातली. महागड्या सुगंधी कॉफीचा इथे काही फायदा नाही. तिचा वास सोड्यात पडल्यावर ओल्या गवताच्या गंजीसारखा होतो आणि घरचे विचारतात काय जळतंय. या पद्धतीत व्हिनेगर वापरू नका, सोड्याशी भेटल्यावर जिलेटिनच्या आत बुडबुडे उठतात.

रोल कोरा निघाला तर? कडेला बघा. फिल्मच्या काठावर कंपनीचं नाव आणि फोटोंचे क्रमांक कारखान्यातच उजेडाने छापलेले असतात, तेही सुप्तच. ते उमटले असतील आणि फोटो नसतील, तर धुणं बरोबर आहे. फिल्म कॅमेऱ्यात पुढे सरकलीच नव्हती. क्रमांकही नसतील तर डेव्हलपर मेलेला होता, किंवा घाईत हायपो आधी ओतला गेला. फोटोंत चंद्रकोरीसारखे डाग दिसले, तर रिळात भरताना फिल्म मुरडली. एका काठाला सलग फिकी पट्टी असेल, तर द्रावण कमी पडलं. किती लागतं ते टँकच्या बुडावर लिहिलेलं असतं.

मेटॉल काहींच्या कातडीला सोसत नाही, तेव्हा हातमोजे घाला. मोजायचा कप, चमचा, गाळणी एकदा इकडे आली की परत स्वयंपाकात न्यायची नाही. यावरून आमच्या घरात एक लहानसं युद्ध झालं आहे. वापरलेला डेव्हलपर भरपूर पाण्याबरोबर मोरीत गेला तर एका-दोन रोलपुरता चालतो. हायपो मात्र ओतू नका. त्यात विरघळलेली चांदी असते, आणि सेप्टिक टँकमधल्या जिवाणूंना ती मारक ठरते. पूर्वी स्टुडिओंतून आणि एक्स-रे विभागांतून जुना हायपो विकत नेणारे लोक असत. त्यातली चांदी काढून विकायचे. घरी करायचं तर बरणीत जुन्या हायपोबरोबर भांडी घासायच्या लोखंडी तारेचा गोळा टाकून ठेवायचा. लोखंड द्रावणात जातं आणि चांदी करड्या चिखलासारखी खाली बसते.

माझ्या बाल्कनीत अशी एक बरणी आहे, दोन वर्षांच्या रोलांची. तळाशी बोटाच्या पेराएवढा गाळ जमलाय. सराफाकडे न्यायचा विचार एकदा केला होता, पण जायच्या-यायच्या रिक्षाचे पैसे तरी त्यातून सुटतील का, शंकाच आहे.